जन्म, निवास आणि गावचे घर

हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात एका कार्यक्रमानंतर चहा घेत असताना एक गृहस्थ माझ्यापाशी आले. बडाबाजारात त्यांचा सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातली ही गलाई मंडळी भारतातील कोणत्या शहरात नाहीत, असे विचारावे लागते. कोलकात्यातही त्यांच्या दोन-तीन पिढ्या झाल्या आहेत. सोबत पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा होता. ऑफस्पिन टाकतो, मैदानावरील एका क्लबात खेळतो. वयोगटाच्या निवडीसाठी त्याने अर्ज केला होता. पण एका कार्यालयातील लिपिकाने जन्मदाखल्यावर 'जिल्हा सांगली' वाचून तो बाजूला ठेवला होता.

"साहेब, पोरगं हितंच वाढलं, हितंच शिकलं. बाळंतपणाला आई माहेरी गेल्ती, म्हणून दाखला तिकडचा. आता ह्यो कुठला धरायचा, तुमीच सांगा."

प्रश्न अगदी साधा होता आणि मला त्याचे उत्तर ताबडतोब देता आले नाही. अधिवासाचे शेकडो दाखले ज्याच्या नजरेखालून गेले त्याने तरी अडखळायला नको होते. पण त्या रात्री घरी आल्यावर लक्षात आले की हाच प्रश्न इंग्लंडमधील क्रिकेटच्या चालकांना दीडशे वर्षांपूर्वी पडला होता, आणि त्यांनी त्यावर जे नियम केले ते आपल्या महसूल खात्याच्या परिपत्रकांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. माझे बहुतेक वाचक महाराष्ट्राबाहेर राहतात. त्यांना हा विषय खेळापुरता वाटणार नाही, या भरवशावर थोडे सविस्तर लिहितो.

कौंटी म्हणजे इंग्लंडमधील जिल्हा किंवा परगणा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कौंटीचा संघ म्हणजे त्या दिवशी जमतील ते अकरा जण, असाच प्रकार होता. व्यावसायिक खेळाडू जिथे पैसे मिळतील तिथे जात. जेम्स सदर्टन नावाचा गोलंदाज तर एकाच हंगामात सरे, ससेक्स आणि हँपशायर अशा तीन कौंट्यांकडून खेळला. (हाच सदर्टन पुढे १८७७ मध्ये, वयाची एकोणपन्नास वर्षे उलटल्यावर, इतिहासातील पहिल्या कसोटीत खेळला, इतक्या उशिरा कसोटी पदार्पण आजवर दुसऱ्या कोणी केलेले नाही.) अशाने कौंट्यांमधील चुरशीला अर्थ उरेना. म्हणून १८७३ साली कौंट्यांच्या प्रतिनिधींनी बसून पात्रतेचे नियम केले. एका हंगामात एकाच कौंटीकडून खेळायचे. जन्म एका कौंटीत आणि निवास दुसरीत असेल, तर हंगामाच्या आरंभी खेळाडूने निवड करायची. निवासाच्या आधारे पात्र व्हायचे तर मागील दोन वर्षे तिथे राहिलेले असले पाहिजे. आणि आणखी एक कलम, जे वाचून मी खुर्चीत सावरून बसलो : खेळाडूचे कौटुंबिक घर ज्या कौंटीत आहे तिच्याकडूनही त्याला खेळता येईल, मात्र ते घर त्याला अधूनमधून येऊन राहण्यासाठी खुले असले पाहिजे.

केंद्र सरकारच्या नोकरीत शिरताना आपण 'स्वग्राम' जाहीर करतो. रजा-प्रवास सवलतीसाठी तो लागतो आणि उभ्या नोकरीत एकदाच बदलता येतो. मी माझ्या सेवापुस्तिकेत जे गाव लिहिले तिथे माझा जन्म झालेला नाही, आणि शाळेची चार वर्षे सोडली तर मी तिथे राहिलोही नाही. तिथे घर आहे. चुलत्यांकडे किल्ली असते. १८७३ च्या नियमाने मी त्या गावाकडून खेळू शकलो असतो.

या नियमांवर पुढील पन्नास वर्षे कडक पहारा ठेवणारा गृहस्थ म्हणजे लॉर्ड हॅरिस. केंटचा कर्णधार, इंग्लंडचा कर्णधार, आणि १८९० ते १८९५ या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. मुंबईतील शालेय क्रिकेटची हॅरिस शील्ड त्याच्याच नावाची. समुद्रालगत हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांना जागा मिळाल्या त्या त्याच्या अमदानीत. पण त्याच सुमारास किल्ल्यापुढील मैदानावर साहेब लोकांचे पोलोचे घोडे क्रिकेटची जमीन उकरून टाकतात, आम्हाला खेळायला जागा ठेवा, असे अर्जामागून अर्ज एतद्देशीय खेळाडू करत होते आणि त्याने पोलोवाल्यांची बाजू उचलून धरली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दंगल उसळली तेव्हा हे महाशय पुण्यास होते आणि कित्येक दिवस परतले नाहीत, यावरून त्यांच्यावर बोचरी टीका झाली. प्रशासक म्हणून मी त्याला फारसे गुण देणार नाही. नियमांचा माणूस मात्र खरा.

१९२२ मध्ये वॉली हॅमंड नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा ग्लुस्टरशायरकडून खेळू लागला होता. त्याचा जन्म डोव्हरचा, म्हणजे केंटमधला. हॅरिसने हरकत घेतली. निवासाची मुदत भरलेली नाही असे ठरले आणि मुलाला उरलेला हंगाम बाहेर बसावे लागले. पुढे हॅमंड इंग्लंडच्या सर्वश्रेष्ठ फलंदाजांपैकी एक झाला. आता गंमत पाहा. खुद्द लॉर्ड हॅरिसचा जन्म त्रिनिदादचा! वडील तिथे गव्हर्नर होते, नंतर मद्रासचे गव्हर्नर झाले. हॅरिस केंटचा ठरला तो केवळ वाडवडिलांच्या घरामुळे, म्हणजे त्या तिसऱ्या कलमाच्या जातकुळीने. डोव्हरला जन्मून ग्लुस्टरशायरमध्ये शिकलेल्या हॅमंडपाशी तसे घर नव्हते.

यॉर्कशायरची कथा याहून मजेशीर. तिथे निवास वगैरे काही नाही. यॉर्कशायरच्या मातीत जन्मला तोच यॉर्कशायरचा, असा दंडक. तो ज्याच्या नावाशी जोडला जातो तो कर्णधार लॉर्ड हॉक मात्र लिंकनशायरमध्ये जन्मलेला. हाच हॉक १८९२-९३ च्या हिवाळ्यात संघ घेऊन हिंदुस्थानात आला होता आणि मुंबईला पारशांनी त्याच्या संघाला एक सामना हरवले. यॉर्कशायरचा दंडक जवळपास शंभर वर्षे टिकला. १९९२ मध्ये तो मोडताना ज्या पहिल्या परदेशी खेळाडूला बोलावले तो एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. (आधी ठरलेला ऑस्ट्रेलियाचा क्रेग मॅकडरमॉट जायबंदी झाला म्हणून.) त्या हंगामात सचिनने प्रथम श्रेणीच्या १०७० धावा केल्या. लीड्सच्या लोकांनी वांद्र्याच्या या मुलाला चटकन आपला म्हटले.

कौंटी अजिंक्यपद स्पर्धा अधिकृतपणे १८९० मध्ये आठ कौंट्यांनिशी सुरू झाली. पहिला मान सरेचा. आज अठरा कौंट्या आहेत; शेवटची डरहॅम, १९९२ साली आली. हा सारा तपशील कोठेही मिळेल. मला त्यातली वेगळीच गोष्ट लक्षवेधी वाटते. मिडलसेक्स या कौंटीचे प्रशासकीय अस्तित्व १९६५ मध्ये संपले. तिचा बहुतेक भाग बृहन्‌लंडनमध्ये विलीन झाला. तिथे आज मिडलसेक्सची कौन्सिल नाही, फक्त क्रिकेटचा संघ आहे. राज्यकर्त्यांनी पुसलेली सीमा खेळाने जपून ठेवली.

आपल्याकडेही तेच आहे. इथे राज्याचे नाव पश्चिम बंगाल, पण रणजी करंडकात उतरतो तो 'बंगाल'. फाळणीला सात दशके उलटून गेली तरी क्रिकेटच्या पाटीवर पश्चिम हा शब्द चढलेला नाही. महाराष्ट्राचे तर तीन संघ : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. १९६० साली राज्य एक झाले, रणजीचा नकाशा झाला नाही. आणि २०१७-१८ पासून विदर्भाने तीनदा करंडक जिंकून दाखवल्यावर तो व्हावा असे नागपुरात तरी कोणी म्हणणार नाही.

रणजी करंडक १९३४ मध्ये सुरू झाला तो कौंट्यांच्याच धर्तीवर, प्रांत आणि संस्थाने यांच्या संघांनिशी. नावही कौंटीतल्याच माणसाचे. नवानगरचे रणजितसिंहजी क्रिकेटपटू म्हणून ससेक्सचे. १८९५ मध्ये त्या कौंटीकडून पहिल्याच सामन्यात लॉर्ड्सवर नाबाद ७७ आणि १५०. १८९९ मध्ये एका हंगामात तीन हजारांहून अधिक धावा. १८९६ मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीसाठी त्यांना घेतले नाही, पुढच्या मँचेस्टरच्या कसोटीत घेतले. तिथे त्यांनी ६२ आणि नाबाद १५४ केल्या. लॉर्ड्सच्या नकारामागे हॅरिसच होते असे सांगितले जाते. ससेक्सला ते परके नव्हते, इंग्लंडला मात्र होते की नाही हा वाद राहिला. हिंदुस्थानात क्रिकेट वाढावे म्हणून त्यांनी फार काही केले असेही नाही. तरी करंडक त्यांच्या नावाचा. असो.

आता कोलकात्याकडे येतो. इथला साहेबांचा क्लब १७९२ पासूनचा. ईडनवर मैदान तयार झाले १८६४ साली. १८०४ चा एक सामना नोंदलेला आहे : कंपनीच्या नोकरीतील ईटन शाळेचे माजी विद्यार्थी विरुद्ध बाकीचे कलकत्ता. सनदी नोकरांनी कचेरीच्या वेळात नेमके काय केले याचा हा जुन्यातला जुना पुरावा असावा! बंगाली समाजात खेळ रुजवला तो शारदारंजन राय यांनी. सत्यजित राय यांच्या आजोबांचे हे थोरले बंधू, गणित-संस्कृताचे अध्यापक. नाटोरचे महाराज जगदिंद्रनाथ राय यांनी तर बालीगंजला स्वतःचे मैदान केले आणि देशभरातून खेळाडू आणले. त्यांत आपले पळवणकर बाळू होते. १९११ मध्ये जो अखिल भारतीय संघ इंग्लंडला जाऊन कौंट्यांशी खेळला, त्यात सर्व सामने मिळून शंभरावर बळी घेणारे डावखुरे गोलंदाज तेच. त्या दौऱ्यात लेस्टरशायर आणि सॉमरसेट या कौंट्यांना आपण हरवले. पुण्याच्या जिमखान्यात साहेबांना चेंडू टाकत तयार झालेला हा चर्मकार समाजातला माणूस. त्याला घरच्या क्लबांनी चहा वेगळ्या भांड्यातून दिला. निवास पुण्या-मुंबईकडचा असूनही 'आपला' म्हणून घ्यायला घरच्यांनी वेळ लावला, हे विसरून चालणार नाही.

बंगालने पहिला रणजी करंडक १९३८-३९ मध्ये जिंकला. अंतिम सामना ईडनवर, दक्षिण पंजाबशी. पंजाबच्या वझीर अलीने नाबाद २२२ धावा केल्या. पहिल्या डावात बंगाल १०६ धावांनी मागे. दुसऱ्या डावात बंगालने ४१८ केल्या आणि १७८ धावांनी सामना काढला. या संघाचा कर्णधार टॉम लाँगफील्ड : केंब्रिजचा, केंट कौंटीचा. यष्टिरक्षक व्हॅन डेर गुख्ट ग्लुस्टरशायरकडून खेळलेला. आणखीही काही युरोपीय होते, बाकीचे बंगाली. त्याआधी बंगालकडून खेळलेला अलेक होझी हा तर अधिवासाच्या अभ्यासकाला पर्वणीच आहे. वडील चीनमध्ये ब्रिटिश वकिलातीत, म्हणून जन्म चीनमधील वेनचौचा, शिक्षण ऑक्सफर्डला, नोकरी कलकत्त्याला, आणि रजेवर विलायतेस गेला की खेळायचा हँपशायरकडून. तो १९१३ ते १९३५ या काळात असा जमेल तसा खेळला. अर्जित रजेचा याहून चांगला विनियोग मी ऐकलेला नाही.

हे लोक 'बंगाल' होते का? त्या काळच्या वृत्तीने आपण पटकन नाही म्हणू. पण बंगालला १९३६-३७ च्या अंतिम सामन्यात हरवणाऱ्या नवानगरचा कर्णधारही बर्ट वेन्सली, ससेक्सचा व्यावसायिक. रणजींच्या संस्थानाने रणजींच्या कौंटीतून माणूस आणला. विनू मंकड पुढे सांगत की आपल्याला घडवले ते वेन्सलीने. आणि मंकड तरी कुठले? जामनगरचे, पण रणजीत ते महाराष्ट्राकडून खेळले, मुंबईकडून खेळले आणि बंगालकडूनही. विजय मांजरेकर शिवाजी पार्कचे. त्यांनी सहा संघ केले, त्यात बंगाल एक. नोकरी देईल त्या गावाकडून खेळायचे, अशी तेव्हाची स्थिती. कौंटीतील व्यावसायिकाला पगार होता. आपल्या खेळाडूला खेळाचा पगार नव्हता, म्हणून त्याचा निवास त्याच्या नोकरीमागे फिरत राहिला. बदलीच्या नोकरीतल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

लाँगफील्डची एक आठवण इथेच सांगून टाकतो. त्याची मुलगी टेड डेक्स्टरला दिली होती. डेक्स्टर ससेक्सचा कर्णधार, जन्म इटलीतील मिलानचा! (कौंट्यांच्या इतिहासात जितके शिरावे तितके जन्म आणि गाव जुळेनासे होतात.) १९६१-६२ मध्ये तो इंग्लंडचा कर्णधार म्हणून सासऱ्यांच्या ईडनवर उतरला आणि भारताने १८७ धावांनी कसोटी जिंकली. त्या कसोटीत पुण्याच्या चंदू बोर्डे यांची दोन्ही डावांत अर्धशतके होती.

मुंबईने मात्र बंगालला फार छळले. १९५५-५६ मध्ये ईडनवर, नंतर १९५८-५९, १९६८-६९, १९७१-७२, १९९३-९४ आणि २००६-०७ मध्ये मुंबईत. सहा अंतिम सामने, सहाही मुंबईचे. इथल्या जुन्या प्रेक्षकांपुढे मराठी माणसाने हा विषय स्वतःहून काढू नये. बर्ग्यांची आठवण अजून अंगाईगीतातून जागी असलेला हा प्रांत. बागबाजारकडे १७४२ च्या मराठा खंदकाची खूण लोक आजही सांगतात. बंगालला दुसरा करंडक मिळाला तो १९८९-९० मध्ये, दिल्लीविरुद्ध, पावसाने बिघडलेल्या सामन्यात धावांच्या सरासरीवर. त्या संघाचा आधारस्तंभ अरुण लाल दिल्लीहून येऊन इथला झालेला. आणि त्याच सामन्यात आपल्या थोरल्या भावाच्या जागी पदार्पण केलेला मुलगा सौरव गांगुली, जन्माने, निवासाने आणि घराने, तिन्ही कलमांनी बेहालाचा. तो पुढे लँकेशायर, ग्लॅमॉर्गन आणि नॉर्दम्पटनशायर या तीन कौंट्यांकडून खेळला.

१९६८ मध्ये कौंट्यांनी निवासाची अट न घालता परदेशी खेळाडूची थेट नोंदणी करण्याची मुभा दिली, तेव्हापासून आपल्या लोकांची ये-जा वाढली. सोबर्स नॉटिंगहॅमशायरला गेला, आपला फारुख इंजिनिअर लँकेशायरला. सुनील गावसकर १९८० मध्ये सॉमरसेटला. २००६ मध्ये श्रीरामपूरचा झहीर खान वूस्टरशायरला, तिथे त्याने हंगामात ७८ बळी घेतले. पण कोलकात्यात बसून कौंटी क्रिकेटवर लिहिताना ज्याच्यापाशी मी थांबतो तो दिलीप दोशी.

जन्म राजकोटचा, गुजराती घर, वाढला कोलकात्यात. बंगालकडून वर्षानुवर्षे बळी घेत राहिला. पण भारतीय संघात बिशनसिंग बेदी होता आणि दोन डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांना जागा नव्हती. म्हणून हा चष्मिष्ट माणूस इंग्लंडला गेला. १९७३ पासून नॉटिंगहॅमशायर, मधल्या काळात हर्टफर्डशायर, नॉर्थंबरलँड अशा छोट्या कौंट्याही. नंतर वॉरिकशायर, जिथे १९८० च्या हंगामात त्याने शंभरावर बळी घेतले. परदेशी खेळाडूंच्या दोनच जागा असत. मोठे नाव मिळाले की फिरकी गोलंदाजाला रजा. कसोटीची टोपी मिळाली तेव्हा १९७९ साल होते, वय एकतीस. तरी ३३ कसोट्यांत ११४ बळी. प्रथम श्रेणीत ८९८. अखेरीस सौराष्ट्राकडूनही खेळला, म्हणजे जन्माचे कलमही एकदा वापरून झाले. लंडनला स्थायिक झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये तिथेच वारला. त्या सुमारास इथल्या वर्तमानपत्रांनी त्याला 'बांगलार दिलीप' म्हणून निरोप दिल्यासारखेच लिहिले. जन्मदाखला राजकोटचा, पण त्याची कोणाला आठवण झाली नाही.

आणि आठवण का व्हावी? आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. जन्मस्थळ म्हणजे बहुधा आईचे माहेर. मूल तिथे सव्वा महिना, फार तर तीन महिने राहते. यॉर्कशायरचा दंडक आपल्याला लावला तर निम्मा महाराष्ट्र आजोळकडून खेळेल. सखाराम गणेश देऊस्करांसारखा माणूस देवघरजवळ जन्मला, बंगालीत 'देशेर कथा' लिहून गेला आणि तरी मराठीच राहिला. त्याला कोणत्या रकान्यात घालणार?

त्या गलाई गृहस्थांना मी पुढच्या रविवारी घरी बोलावले. शिफारसपत्र देणार नाही, हे आधीच सांगितले. ते मागतही नव्हते. मुलाच्या शाळेचे बालवाडीपासूनचे बोनाफाईड, वडिलांचा व्यवसाय परवाना, घरभाड्याच्या पावत्या, शिधापत्रिका, मतदारयादीतील नोंद असे सगळे वर्षांच्या क्रमाने लावून घेतले. जन्मदाखला लपवू नका, उलट सर्वांत वर ठेवा, असे सांगितले. जन्म आणि निवास हे वेगवेगळे पुरावे आहेत आणि इथे मागितला आहे तो निवासाचा, एवढे एक वाक्य अर्जात घातले. मुलगा सोफ्याच्या कडेवर बसून ऐकत होता. मराठी समजते, बोलताना बंगाली येते. तुझे गाव कोणते, असे मी त्याला विचारले. त्याने आधी वडिलांकडे पाहिले.

"विट्याजवळ," तो म्हणाला. "घर आहे ना. पूजोर छुटीत जातो."

तीन महिन्यांनी अर्ज स्वीकारला गेल्याचा वडिलांचा फोन आला. निवडीत तो पहिल्या फेरीतच गळला. चेंडू वळतो, पण टप्पा अजून आखूड पडतो, असे प्रशिक्षकांनी सांगितले म्हणे.